मागे अडकलेली सीट

आमच्या घरात भांडायचं खातं माझ्याकडे. मिक्सरचं भांडं महिन्याभरात गळायला लागलं, मला पाठवा. पंखा खडखडतोय आणि दुकानदार म्हणतो गॅरंटी संपली, मला पाठवा. अंबरनाथच्या एमआयडीसीत अख्खी नोकरी मी फिटर म्हणून काढली. तिथे मशिनच्या आवाजावर आवाज चढवल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जात नाही, त्यामुळे माझा आवाज जो चढला तो रिटायर झाल्यावरही खाली आला नाही. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे माझं साधं तत्त्व. काउंटरपलीकडचा माणूस "काका, बसा ना, पाणी घ्या" म्हणाला की मी समजायचो, आपलं काम झालं. बायको अशा वेळी दुकानातून बाहेर पडून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहायची, जसं काही हा माणूस तिचा कोणी लागतच नाही.

असा मी, आणि एका गाडीच्या सीटसाठी सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो तर भांडणाचा एक शब्द तोंडातून निघेना.

गाडी माझ्या मुलाची. छोटीच, करड्या रंगाची. दसऱ्याला घेतली आणि बेलवलीत आमच्या बिल्डिंगखाली आणून लावली, तेव्हा एरवी शेजाऱ्यांकडे ढुंकून न बघणारे लोकही गॅलरीत आले होते. मुलगा उंच. माझ्या घराण्यात कोणी एवढा उंच नाही, हिच्याही नाही. कुठून आला देव जाणे. सीट पार मागे सरकवून बसायचा तरी गुडघे स्टिअरिंगला लागायचे. मला गाडी कधी हातात दिली नाही त्याने. लायसन्स माझंही आहे, कारखान्याचा टेम्पो मी चालवलेला आहे. पण म्हणायचा, "बाबा, तुम्ही सिग्नलला उतरून भांडता. तुम्ही बाजूला बसा." मग मी बाजूला बसायचो आणि काच खाली करून तिथून भांडायचो.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर त्याला ताप आला. डेंग्यू निघाला. प्लेटलेट्स, रक्त, आधी उल्हासनगरचं हॉस्पिटल, मग तिथून ठाण्याचं. आठवड्याच्या आत माझा मुलगा गेला. याच्यापुढे त्याबद्दल मला लिहिता येत नाही, आणि येत असतं तरी लिहिलं नसतं.

गाडी त्याने जिथे लावली होती तिथेच राहिली. हिने रोज सकाळी खाली जाऊन काचा पुसायला सुरुवात केली. आत बसायची नाही. बाहेरून ड्रायव्हरच्या बाजूची काच पुसायची आणि पुसून झाल्यावरही फडकं तसंच काचेवर ठेवून आत बघत राहायची. सीट मागे सरकलेली. नुसतं बघितलं तरी कळायचं की इथे उंच माणूस बसतो. त्याचे कपडे रीतीप्रमाणे देऊन टाकले होते, चपला गेल्या, पलंगावर आता नात झोपायला लागली होती. ह्याची म्हणून जशीच्या तशी राहिलेली जागा तेवढी एकच. हे ती कधी बोलली नाही. मीही बोललो नाही. पण एकदा वॉचमनने गाडी धुताना दार उघडलं तर ही वरून अशी ओरडली की तो बादली तिथेच टाकून पळाला, तेव्हा मला काय ते समजलं.

सुनेचं दुःख निराळं आणि तिला दुःखाला वेळही नव्हता. ती उल्हासनगरला एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये आहे. उपाशीपोटी रक्त द्यायला येणारी माणसं पहाटेच दारात येऊन उभी राहतात, म्हणून तिला उजाडायच्या आत निघावं लागतं. आधी तोच सोडायचा. तो गेल्यावर ती काही दिवस दोन-दोन रिक्षा बदलत गेली. मग कोणाला न विचारता बेलवलीतल्या ड्रायव्हिंग क्लासला नाव घातलं, शिकली, लायसन्स काढलं, आणि एका सकाळी देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्यावरची चावी काढून खाली गेली. ही आतल्या खोलीतून बघत होती.

तेव्हा कळलं की सीट हलत नाही. खालची दांडी ओढली की वर येते, पण सीट जागची ढिम्म. सून बुटकी, तिची बोटंसुद्धा ब्रेकला नीट पोचेनात. तिने पाठीमागे उशा लावल्या आणि तशीच चालवायला लागली.

"बाबा, तुम्ही एकदा बघता का, खाली काय अडकलंय?" ती म्हणाली.

"बघू," मी म्हटलं, आणि बघितलं नाही. आता मी फिटर माणूस. अडकलेली वस्तू दिसली की माझे हात शिवशिवतात, शेजाऱ्यांच्या दारांच्या कड्या मी न सांगता नीट करून देतो. पण त्या सीटखाली मी वाकलो नाही. सकाळी म्हणायचो, संध्याकाळी बघू. संध्याकाळी म्हणायचो, आता उजेड नाही. मनात भीती एकच, की मी हात लावला आणि ती हलली तर.

मग एका सकाळी हेंद्रेपाड्याच्या वळणावर सुनेची उशी घसरली. पाय ब्रेकवरून सुटला आणि गाडी भाजीवालीच्या टोमॅटोच्या क्रेटवर गेली. माणसाला लागलं नाही, नशीब. सून तशीच घरी परत आली, उशा सोफ्यावर टाकल्या आणि उभ्या उभ्या म्हणाली, "एक तर ती सीट नीट होईल, नाहीतर मी गाडी विकून टाकते. मला काही झालं तर पोरीला आहे कोण? बाप तर गेलाच." ही पोळ्या करत होती. हातातला उंडा तिने तसाच परातीत ठेवला आणि आत निघून गेली.

म्हणजे आता कसंही केलं तरी जाणारच. सीट हलवली तर मुलाची जागा जाते, नाही हलवली तर गाडीच जाते.

सून आधी उल्हासनगरच्या सीट कव्हरच्या दुकानांत दाखवून आली. एका सिंधी दुकानदाराशी तिने माझं फोनवर बोलणं करून दिलं. माणूस बोलायला गोड. म्हणाला, "काका, टेन्शन मत लो. पूरी सीट निकाल देता हूँ, दूसरी गाडी की लगा देता हूँ, एकदम कंपनी जैसी. पुरानीवाली मैं रख लेता हूँ." मी फोन कापला. त्याचं काही चुकलं नव्हतं, त्यांचा तो धंदाच. पण ती सीट कुठल्या तरी दुकानाच्या मागे भंगारात उताणी पडलीय, हे मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. सुनेला म्हटलं, असली कापाकापी नको, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेऊ.

"वॉरंटी दिवाळीच्या आधीच संपलीय, बाबा," ती म्हणाली. ती संपली तेव्हा आम्हाला शुद्ध तरी कुठे होती. मग तीच म्हणाली, "पण सगळी सर्व्हिसिंग त्यांनी तिथेच केलेली, एकही बाहेर नाही. आणि संपून काही फार दिवस नाही झाले. अशा वेळी कंपनी कधीकधी फुकट करून देते, गुडविल म्हणतात त्याला. फक्त मागावं लागतं. तुम्ही गेलात तर करून आणाल. पण बाबा, शांतपणे हं. काउंटरवर हात आपटायचा नाही."

ही भिंतीला टेकून ऐकत होती. सून आत गेल्यावर हळूच म्हणाली, "वॉरंटी संपलीय ना? मग नाही म्हणतील ते."

"म्हणतील," मी म्हटलं.

दोघांनाही बरं वाटलं. मीठ जास्त झालं की कमी, यावर उभा जन्म वाद घातलेली आम्ही माणसं, आणि त्या दिवशी न भांडता एका बाजूला होतो.

सर्व्हिस सेंटर अंबरनाथच्या रस्त्याला. सीटच्या टोकावर बसून, पाय ताणून, कशीबशी मी गाडी तिथवर नेली. काउंटरवरचा ॲडव्हायजर मला बघून खुर्चीतून अर्धा उठला. मागे मुलाबरोबर गेलो होतो तेव्हा वायपरवरून मी त्याचं डोकं खाल्लं होतं. वायपर वॉरंटीत बसत नाही म्हणत होता, आणि शेवटी नवा वायपर घालून, वर चहा पाजून, त्याने मला घालवलं होतं. मुलगा तेव्हा लाजून गाडीत जाऊन बसला होता.

"या काका, बसा. पाणी?"

"नको. ड्रायव्हरची सीट अडकलीय. वॉरंटी संपलीय. होत नसेल तर तसं सांग, मी जातो."

तो माझ्याकडे बघतच राहिला. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसा मी उभा. मनात म्हणत होतो, बाबा रे, नाही म्हण. आयुष्यभर "नाही कसं म्हणतोस" म्हणून ओरडलो, आज एकदा नाही म्हण, मी तुझे आभार मानून घरी जातो.

"असं कसं जाता काका," तो म्हणाला. "संपली असली तरी विचारून बघता येतं ना. सर नाही आले?"

सर म्हणजे माझा मुलगा. मी म्हटलं, "तो वारला. सप्टेंबरात."

त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. कशाने, कसे, काही विचारलं नाही, ते बरं केलं. मग स्क्रीनकडे बघत समजावून सांगायला लागला. सीट खोलून फोटो काढावे लागतील. दोष पार्टचा दिसला तर वरून मंजुरी मिळू शकते. बाहेरची काही वस्तू अडकलेली निघाली तर मात्र नाही मिळत. मी मान हलवली. त्याने पुन्हा एकदा माझ्याकडे बघितलं, हा तोच माणूस का म्हणून.

गाडी आत घेतली. एसीत बसा म्हणाले, मी बसलो नाही, गाडीशेजारी जाऊन उभा राहिलो. मेकॅनिक पाना घेऊन बोल्टला हात घालणार, तेवढ्यात मी म्हटलं, "थांब. खूण केलीस?"

आमच्या कामात ही पहिली शिकवण. कुठलीही वस्तू खोलायच्या आधी ती जिथे आहे तिथे खूण करायची. पंचचा, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्याचा, एक ठिपका, निदान खडूची रेघ. म्हणजे पुन्हा जोडताना जागच्या जागी बसते. विसरणाऱ्या हेल्परला मी अंबरनाथला सगळ्यांसमोर शिव्या घातलेल्या आहेत. मेकॅनिक म्हणाला, "काका, सीटला कसली खूण? ती तर पुढे-मागे होणारी वस्तू." त्याचं बरोबर होतं. मी त्याच्याच ट्रॉलीवरचा पंच आणि हातोडी उचलली, गुडघे टेकले, आणि सीट जिथे थांबली होती तिथे खालच्या रेलवर एक ठोका दिला. बारीक ठिपका पडला, बोटाला लागेल एवढा. उठता येईना लवकर. डोळ्यांतलं पाणी पुसायला खिशात रुमाल नव्हता, तिथलं ऑइलचं फडकंच घेतलं.

मग सीट निघाली. उलटी करून त्यांनी ती टेबलावर ठेवली. रेलच्या दातांत काहीतरी काळं, डांबरासारखं घट्ट बसलेलं होतं, आणि त्यात काळ्या कापडाची चिंधी आणि दोरा. मेकॅनिकने बोट पुढे केलं आणि मी त्याचं मनगट धरलं. "हात लावू नकोस. बिब्बा आहे, अंगावर उततो."

शनिवारी गाड्यांना लिंबू-मिरचीबरोबर ओवतात, तोच बिब्बा. ठेचला की आतून काळा चीक येतो, कातडीला लागला तर फोड उठतात, आणि वाळला की डिंक परवडला. कोणीतरी तो चिंधीत गुंडाळून, सीटखाली रेलला दोऱ्याने बांधला होता. सीट त्याच्यावरून मागे सरकली, तो चिरडला, चीक दातांत उतरला आणि तिथेच वाळला. कोणीतरी म्हणजे कोण, हे मला कोणी सांगायला नको होतं. गाडीच्या पूजेच्या दिवशी आम्ही सगळे पुढे होतो, बॉनेटवर स्वस्तिक, नारळ, झेंडूची माळ. ही तेवढ्यात दार उघडून आत वाकली होती. मी विचारलं, काय शोधतेस, तर म्हणाली, कानातलं पडलं. तिचं माहेर खरवईचं. त्यांच्याकडे असं मानतात की राखण बांधायची ती चोरून, कोणी पाहिली की तिचा गुण जातो. मी असलं काही मानत नाही. देवळात सगळे आत गेले की बाहेर चपला सांभाळत उभा राहणारा माणूस मी.

ॲडव्हायजर फोटो काढायला आला. त्याने ते काळं बघितलं आणि मोबाइल खाली घेतला.

"आमच्याच घरची वस्तू आहे," मी म्हटलं. "तुमचा पार्ट चांगला आहे. बिल कर, मी भरतो." असं वाक्य माझ्या तोंडून कोणत्याही दुकानात आजवर निघालेलं नव्हतं.

"काका," तो म्हणाला, "हे आम्ही आधी पाहिलंय."

"आधी म्हणजे?"

"सर दुसऱ्या सर्व्हिसिंगला आले होते तेव्हाच बोलले होते, सीट अडकते म्हणून. वॉरंटी चालू होती. खाली बघितलं तर हे बांधलेलं. मी म्हटलं, सर, हे कापून टाकतो, साफ करतो, आत्ता होऊन जाईल. तर बोलले, नको, आईने बांधलंय. काढू नका."

"आणि सीट?"

"बोलले, मला कुठे पुढे-मागे करायचीय. माझ्याशिवाय चालवतं कोण. राहू दे." मग आवाज खाली आणून म्हणाला, "घरी बोलू नका म्हणाले. आईला वाटतं, कोणाला माहीत नाही."

शनिवारी लिंबू-मिरची बांधायला निघाली की हाच मुलगा तिला हसायचा, "आई, ते खाली लोंबतं, कुत्री मागे लागतात." आणि आईचा बिब्बा बुडाखाली घेऊन, फुकट नीट होणारी सीट तशीच अडकलेली ठेवून, तो रोज उल्हासनगरला बायकोला सोडायला जात होता. मला का सांगितलं नाही, तेही मला कळलं. मी तिच्यावर ओरडलो असतो.

मग मला राग आला. कोणाचा ते समजेना. त्याच्या हाती दोन वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. गाडी चांगली राखली की त्या बिब्ब्याने. पण एक डास घरात आला, त्याच्यासाठी आम्ही काय आणि कुठे बांधायला हवं होतं, हे मला कोणीतरी सांगावं.

मेकॅनिकने हातमोजे घातले, रॉकेल लावून चीक खरवडून काढला. साफ झाल्यावर बघितलं तर आतल्या खटक्याची स्प्रिंगही तुटलेली. मी ती हातावर घेतली. तुटलेल्या टोकाला जुना गंज होता, म्हणजे भेग मुळातली, आज ओढल्याने पडलेली नव्हे. ॲडव्हायजर म्हणाला, ह्या तुटतात काका, आता कंपनीने जाड द्यायला सुरुवात केलीय. त्याने स्प्रिंगचा फोटो काढला आणि वरच्या साहेबाला तिथूनच फोन लावला. "सर, पार्ट ही वीक है. हां, बिब्बा था, मैं छुपा नहीं रहा. पर स्प्रिंग उससे नहीं टूटी. और कस्टमरने वॉरंटी में बोला था, मैंने खुद सुना है. नहीं सर, ना मत बोलो." पलीकडून नाही येत होतं आणि हा सोडत नव्हता. माझ्या मुलासाठी भांडत होता तो. आणि मी, ज्याचं हे काम, फडकं हातात घेऊन शेजारी उभा होतो.

दोन-तीन दिवसांनी मंजुरी आली. रेल तीच, खटका नवा, सगळं फुकट. सून फोनवर म्हणाली, "बघा, मी म्हटलं होतं ना, शांतपणे मागितलं की होतं." तिला किती बरं वाटलं होतं ते आवाजात कळत होतं.

गाडी घ्यायला मी गेलो. मेकॅनिकने दांडी उचलली आणि नुसता हात लावला तर सीट सरकत पुढे आली. "बसा काका," म्हणाला. मी बसलो. पाय ब्रेकला अगदी व्यवस्थित पोचले. गाडी सुरू केली आणि तिथेच बसून राहिलो. मागच्या गाडीवाल्याने हॉर्नवर हॉर्न मारले तेव्हा निघालो. त्यालाही काही बोललो नाही.

ही बिल्डिंगखाली उभीच होती. मी उतरलो, तिने आत बघितलं. सीट पुढे आलेली, बुटक्या माणसाची.

"नाही म्हणाले नाहीत?"

"नाही." तिचा चेहरा बघवेना, म्हणून मी म्हटलं, "अगं, मी खूण केलीय. रेलवर ठिपका मारलाय. कधीही मागे नेली की अगदी होती तिथेच जाऊन थांबेल, एक सूत इकडे नाही की तिकडे नाही."

"न्याल हो तुम्ही सीट," ती म्हणाली. "बसवाल कोणाला?"

आणि जिना चढून गेली. मी बिब्ब्याचं काही सांगितलं नाही. त्याची वाळलेली चिंधी कागदात गुंडाळून माझ्या खिशात होती. मुलाने सांगू नका म्हटलं होतं, तर कशाला सांगायचं, असं मी ठरवलं होतं. ठरवलेलं पाळलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी सून डबा भरत होती, तोवर गाडीची काच पुसून ठेवावी म्हणून मी खाली आलो. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडं. ही आत वाकलेली. हातात काळी चिंधी, काळा दोरा. सीटखाली हात घालून गाठ मारत होती. सुनेसाठी. मुलाच्या जागेवर सून बसणार म्हणून कालपर्यंत जिचा जीव तुटत होता, ती चोरून सुनेची राखण बांधत होती. मी पावलं न वाजवता मागे फिरायला हवं होतं. पण मेला हातातला फिटर गप्प बसेना. तिथे बांधला की पुन्हा चिरडणार, पुन्हा सीट अडकणार. तोंडातून निघून गेलं, "खाली नको, वर बांध. पाठीमागच्या दांड्याला."

ती वाकलेली होती तशीच राहिली. मग सरळ झाली. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

मला वाटलं, आता सांगितलेलंच बरं. मुलाने तुझा बिब्बा काढू दिला नाही, सीट अडकली तर अडकू दे म्हणाला, हे ऐकून कुठल्या आईचं काळीज निवणार नाही? मी सगळं सांगितलं. सर्व्हिसिंगला गेला होता, खाली वाकून पाहिलं, ते कापायला निघाले, तर म्हणाला, आईने बांधलंय.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. रडेल असं वाटलं होतं, रडली नाही.

"त्याने पाहिला होता?"

"हो. तेच तर सांगतोय."

"मग म्हणूनच," ती म्हणाली.

मला पटकन उमगलंच नाही. मग उमगलं. त्याने पाहिला म्हणून राखणीचा गुण गेला, आणि म्हणून तो गेला. इतके महिने ती कारण शोधत होती आणि मी पहाटे पहाटे ते आणून तिच्या हातात दिलं होतं. "अगं, वेडी आहेस का, डेंग्यू होता तो," मी म्हटलं. "डास चावला त्याला. बिब्ब्याचा काय संबंध?" ती भांडली नाही. ती भांडली असती तर मला जिंकता तरी आलं असतं. तिने वाकून आत्ताच मारलेली गाठ सोडली आणि चिंधी मुठीत घेतली.

"ह्याचा पण गुण गेला. तुम्ही पाहिलात."

"मी कोणाला बोलणार नाही."

"पाहिलात ना पण."

"मग दुसरा बांध."

"बांधीन. कधी आणि कुठे, ते आता तुम्हाला कळायचं नाही."

तेवढ्यात सून डब्याची पिशवी घेऊन जिना उतरली. "आई, काय शोधताय?"

"काही नाही गं. कानातलं पडलंसं वाटलं."

सून बसली. दांडी उचलून सीट आणखी एक खाच पुढे घेतली, आरसा नीट केला, आणि पहिल्यांदाच उशीशिवाय, पाठ टेकून बसली. आम्हाला हात केला. गाडी गेटातून बाहेर पडून रस्त्याला लागली.

ही वर गेली. मीही जिन्यापर्यंत गेलो आणि परत आलो. गाडीत त्या दिवशी काहीच बांधलेलं नव्हतं. मी असलं काही मानत नाही, पुन्हा सांगतो. सून दुपारी परत येते. वॉचमनने खुर्ची आणून दिली, मी बसलो नाही. ऊन डोक्यावर आलं, पोटात भूक होती, तरी हिने जेवायला हाक कशी मारली नाही म्हणून वर बघितलं, तर ही गॅलरीत कठड्याला धरून उभी. मी इथे का उभा आहे, हे तिने विचारलं नाही. वळणावर करडी गाडी दिसेपर्यंत आमच्यातलं कोणी हललं नाही.